झाकणाखालचे पाणी

मित्रांनो, हल्ली मी फारशा घरांत दिसत नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. मी पितळेचा जुना फिरकीचा तांब्या आहे. माझे पोट गोल, मान आखूड आणि तोंडावर पिळाचे झाकण. झाकण फिरवून घट्ट बसवले की मला आडवे केले तरी थेंब सांडत नाही. धरायला वर कडी आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या नव्हत्या तेव्हा माणसे प्रवासाला निघताना मला भरून बरोबर घेत.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. त्याने पत्रा तापवून, ठोकून मला पोट दिले. बूड वेगळे केले आणि डाख, म्हणजे वितळलेल्या धातूचा सांधा, लावून पोटाला जोडले. आतून कल्हई केली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ पांढरा थर. तो नसला तर पितळेत राहिलेले पाणी हळूहळू हिरवट होते. त्याला कळकणे म्हणतात. मी नवा होतो तेव्हा बाहेरून पिवळा आणि आतून पांढराशुभ्र होतो.

बीडच्या बाजारात कासाराच्या दुकानात मी फळीवर बसलो होतो. तिथून मला उमापूरच्या रामहरी नावाच्या शेतकऱ्याने घेतले. त्यांच्या मुलीचे लग्न होते. दुकानदाराने माझ्या मानेवर खिळ्याने ठिपके ठोकून नाव घातले, ‘चि. सौ. कां. वच्छला’. लग्नात रुखवताच्या भांड्यांत मी सगळ्यांच्या पुढे होतो. असे मी वच्छलाबाईंबरोबर नेकनूरच्या बाजूला त्यांच्या सासरी आलो. त्यांच्या मालकांचे नाव उत्तरेश्वर. तेव्हा ते मिसरूड फुटलेले तरुण होते. पुढे त्यांना सारे आबा म्हणू लागले, म्हणून मीही आबाच म्हणतो.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींत दगड दिसू लागले. दोघे नवरा-बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. वच्छलाबाई मला भरून, भोवती ओले फडके गुंडाळून, बाभळीच्या फांदीला टांगत. कामावरची माणसे येत आणि वरून घोट घेत. माझ्या काठाला कुणाचा ओठ लागत नसे, त्यामुळे माझ्यातले पाणी कुणालाही चाले. दुपारपर्यंत पाणी गार राही. लोक माझी तारीफ करत. मला त्याचा अभिमान वाटे, हे लपवत नाही.

वच्छलाबाईंचा एक नेम होता. तो त्यांनी जन्मभर पाळला. प्रवासाहून किंवा कामाहून परत आल्यावर माझ्यात उरलेले पाणी त्या घरात नेत नसत. दाराबाहेर उभ्या राहून बघत. कुणी वाटसरू असला तर त्याला पाजत. नसला तर शेळीला. शेळीही नसली तर वाटेवरच ओतत. मग मला राखेने घासून, विसळून, पालथा ठेवत. त्या दुष्काळात आबांना हे पाहवत नसे. पाणी काय जास्तीचं झालंय का, असे ते म्हणत. तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, “दिवसभर कोंडल्यालं पाणी हाय ते. तुमाला लागतंय तर तुमी प्या. मी घरात न्हाई न्यायची.” ते घोटभर पाणी आबांनीच वाटेवर उभे राहून पिऊन टाकले.

पुढे कितीतरी वर्षे दोघे ऊसतोडीला गेले. दसरा-दिवाळी झाली की गावातली माणसे ट्रकमध्ये बसून घाटाखालच्या सहकारी साखर कारखान्यांकडे निघत. ट्रकमध्ये भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या, लेकरे, सगळे एकावर एक. मी मात्र वच्छलाबाईंच्या मांडीवर. पाचटाच्या खोपीत मी कुडाच्या मेढीला टांगलेला असे. फडात ऊस तोडताना आबा पुढे आणि वच्छलाबाई मागे मोळ्या बांधायच्या. आबांनी हात मागे केला की त्या मला त्यांच्या हातात द्यायच्या. मागावे लागत नसे. त्यांचा मुलगा भारत एका फडाच्या बांधावर, झोळीत वाढला.

एकदा ऊसतोडीला जाताना ट्रक शहरातून गेला. एका मोठ्या इमारतीच्या दारात तोफ ठेवलेली होती. वच्छलाबाईंनी मुकादमाला विचारले, आत काय असते. तो म्हणाला, जुनी भांडीकुंडी असतात आणि शहरातली माणसे तिकीट काढून बघतात. त्यावर वच्छलाबाई इतक्या हसल्या की मी मांडीवरून घसरलो. “मग आमच्या घरी या म्हणावं,” त्या म्हणाल्या, “नवं एक बी न्हाई.”

भारत मोठा झाल्यावर ऊसतोड सुटली. वच्छलाबाईंनी म्हैस घेतली आणि गावच्या दूध सोसायटीत दूध घालू लागल्या. पुढे भारतला त्याच सोसायटीत दूध मोजायचे काम मिळाले. मध्ये पुन्हा दुष्काळाची साले आली. टँकर आले. जनावरांच्या छावण्या लागल्या. म्हशीबरोबर वच्छलाबाईही छावणीत राहिल्या आणि त्यांच्याबरोबर मी.

तोवर बाटल्यांचा जमाना आला होता. कल्हई करणारा गावात येईनासा झाला. माझ्या आतला पांढरा थर उडत गेला. एसटीत लोक माझ्याकडे बघून हसत. एका कंडक्टरने विचारले, “मावशे, बाँब आणला का?” वच्छलाबाई म्हणाल्या, “व्हय. तिकीट न्हाई दिलं की फुटतो.” सारी गाडी हसली. त्यांनी त्यालाच पाणी पाजले.

मित्रांनो, आता पुढचे सांगताना मला थोडे जड जाते.

एके दिवशी सकाळी वच्छलाबाईंच्या छातीत दुखू लागले. बीडला दवाखान्यात न्यायचे ठरले. जीप दारात आली तरी त्या रांजणापाशी गेल्या. त्यांनी मला विसळले, मानेपर्यंत भरले आणि झाकण लावले. सून शिवकन्या म्हणाली की बाटली घेतली आहे. त्या म्हणाल्या, असू दे. वाटेत त्यांनी पाणी मागितले नाही. बीड आले तेव्हा त्या बोलत नव्हत्या. घरी आणला तो त्यांचा देहच.

त्या धावपळीत आबांनी मला घरात आणले. वाटेचे पाणी घेऊन मी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आलो. आबांनी मला आपल्या बाजेवरच्या फळीवर ठेवले. दिवस-कार्य झाल्यावर शिवकन्येने घरातली भांडी घासायला काढली. तिने मला उचलले. आत पाणी डुचमळले. आबा म्हणाले, “राहू दे.” तिने मला परत जागेवर ठेवले आणि चुलीकडे जाऊन डोळे पुसले. शेजारच्या सारजाबाई एकदा म्हणाल्या की इतके शिळे पाणी घरात चांगले नाही. आबा उठून बाहेर गेले. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

आबा मला रोज पुसत. चिंचेने घासत. बाहेरून मी असा लखलखत होतो की नवा होतो तेव्हाही इतका नसेन. मग ते मला कानापाशी नेत आणि हळूच हलवत. आत पाणी वाजे. ते ऐकून मला फळीवर ठेवत. तेवढेच.

पण आत काय चालले होते, ते मलाच ठाऊक होते. आमच्याकडचे बोअरचे पाणी खारे. माझी कल्हई गेलेली. पाणी मला आतून खाऊ लागले. आधी डाग पडले, मग हिरवा थर आला. तांबटाने लावलेला डाख एका जागी विरघळू लागला. झाकणाचे पीळ गंजून एकमेकांत रुतले. आबा मला जितके जपत होते, तितका मी संपत होतो. मला ओरडून सांगावेसे वाटे. पण तांब्याला तोंड असते, वाचा नसते.

आबांची नात ईश्वरी तेव्हा चौथीत होती आणि नातू सिदू अंगणवाडीत. आजी गेली त्याच आठवड्यात ईश्वरीच्या शाळेची सहल संभाजीनगरची वस्तुसंग्रहालये बघायला गेली होती. घरात सुतक, त्यामुळे ती राहिली. तिने हट्ट केला नाही. म्हणूनच भारतच्या ते मनात राहिले असावे. वर्षश्राद्ध झाल्यावर त्याने सोसायटीतून सुटी काढली आणि सगळ्यांना घेऊन जायचे ठरवले. आबा नको म्हणत होते. ईश्वरी म्हणाली, तुम्ही नसाल तर मीही जात नाही. मग त्यांनी टोपी घातली, फळीवरून मला काढले आणि कापडी पिशवीत ठेवले. पोरांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या होत्याच. भारतने माझ्याकडे पाहिले आणि दाराला कडी घातली.

एसटीत सिदू खिडकीशी बसला. दिसेल त्या टाकीला, पुलाला, उसाच्या ट्रॉलीला हाका मारत होता. आबांनी पिशवी मांडीवर धरली होती. वर्षभराने मी वाटेला लागलो होतो. एरवी मला आनंद झाला असता.

पहिल्या संग्रहालयात राजांच्या तलवारी आणि चिलखते होती. दारावरच्या रखवालदाराने सांगितले की पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतील. त्याचे चुकले नव्हते, तो नियमच होता. सगळ्यांनी पिशव्या दिल्या. आबांनी दिली नाही.

“दादा, ठिवा की तिथं,” भारत म्हणाला. तो वडिलांना दादा म्हणतो. “पळून जातोय का तांब्या?”

“तुमी जाऊन या. मी हाय हितं.”

आबा पायरीवर बसून राहिले. मला पिशवीतून काढून त्यांनी शेजारी ठेवले. तिकीट काढलेली माणसे त्यांच्या बाजूने आत जात होती. खूप वेळाने पोरे बाहेर आली. सिदूने हात पसरून तलवारीची लांबी दाखवली. मग त्याचा चेहरा पडला. “आबा, तुमी कावून आले न्हाई? मी तुमच्यासाठी थांबलो होतो आत.” आबांनी पाय दुखतात म्हणून सांगितले. ईश्वरीने त्यांच्या पायांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

आबांनी मला उचलले तेव्हा पायरीवर ओलसर गोल उमटला होता. पायरी आधीच ओली असेल असे त्यांना वाटले. त्यांनी माझे बूड धोतराने पुसले. ते पाणी माझ्यातलेच होते.

दुपारी दशम्या खाऊन सारे दुसऱ्या संग्रहालयात गेले. इथे घरातल्या जुन्या वस्तू होत्या. शिवकन्या आधीच पुढे गेली आणि टेबलापाशी बसलेल्या बाईंना हळू आवाजात काहीतरी म्हणाली. त्या बाई तिथल्या धातूच्या भांड्यांची निगा राखत. त्यांनी आबांच्या पिशवीत डोकावून पाहिले आणि हसल्या. “याला कोण अडवणार? हा आमच्याच गोतावळ्यातला.”

आबा आत आले. त्यांनी नातवांना जाते कसे फिरते ते हवेतच फिरवून दाखवले. रवी कशी घुसळायची ते सांगितले. अडकित्ता बघून ते थोडे हसलेही. सिदू मात्र नाराज होता. तलवारींनंतर हे बघायला का आणले, असे त्याचे म्हणणे होते.

मग एका काचेच्या कपाटापाशी ईश्वरी थांबली. आत माझ्यासारखेच फिरकीचे तांबे ओळीने मांडलेले होते. तिने पाटी वाचून दाखवली, ‘प्रवासातील पाण्याचे भांडे’. प्रत्येकाच्या मानेवर कुठल्या तरी बाईचे ठिपक्यांचे नाव होते. शेवटच्या तांब्याला मात्र बूडच नव्हते. त्याच्या पोटाला हिरव्या कडांची भोके होती.

आबांनी बाईंना विचारले, “ह्याला काय झालं?”

बाईंनी सांगितले. हा तांब्या एका घरातून आला होता. कुणीतरी तीर्थाचे पाणी भरून, झाकण लावून देवघरात ठेवून दिले होते. वर्षानुवर्षे बाहेरून घासत, पूजा करत. उघडला कधीच नाही. “पाणी आतून खातं, बाबा. बाहेरून कळत नाही. एक दिवस त्यांनी उचलला आणि बूड तिथंच राहिलं.”

आबा कितीतरी वेळ त्या भोकांकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवीत हात घातला. पिशवीचे बूड ओले होते. त्यांनी बोटे बाहेर काढून पाहिली. सवयीने त्यांनी मला कानापाशी नेऊन हलवले. आवाज फार थोडा आला.

ते तिथल्या बाकावर बसले. मला त्यांनी दोन्ही हातांनी खालून धरले होते, जणू हातांनीच गळती थांबणार होती. भारतला काय करावे कळेना. शिवकन्या पदर तोंडाशी धरून उभी राहिली. सिदू जवळ आला आणि त्याने माझ्या पोटावर टिचकी मारली.

“आबा, ह्यात काय हाय?”

आबांनी त्याच्याकडे पाहिले. “तुज्या आजीनं भरल्यालं पाणी हाय,” ते म्हणाले.

“कवा भरलं?”

“बीडला जाताना.”

सिदूने थोडा विचार केला. “मंग ती प्याली न्हाई?”

“न्हाई रे. एक घोट बी न्हाई प्याली.” वर्षभर ते रडले नव्हते. त्या दिवशी काचेच्या कपाटासमोर, अनोळखी माणसांत, ते रडले. सिदू घाबरून आईला बिलगला. ईश्वरी आबांच्या शेजारी बसली आणि तिने आपला हातही माझ्या बुडाखाली धरला.

संग्रहालयाच्या बाई थोड्या वेळाने म्हणाल्या की अजून वेळ गेलेली नाही. बुडाचा सांधा गेला आहे, तो पुन्हा जोडता येईल. पण पाणी काढावेच लागेल, आणि आजच. आबांनी मान डोलावली. झाकण त्यांच्याने निघेना. भारतच्यानेही निघेना. बाईंनी मला आपल्या कामाच्या खोलीत नेले, पिळाला तेल सोडले, गरम फडके गुंडाळले आणि हळूहळू फिरवले. कुईकुई करत झाकण निघाले. वर्षभराने मला हवा लागली.

आबांनी आत पाहिले. पाणी तळाशी उरले होते आणि हिरवट झाले होते. त्यांनी मला तोंडाकडे नेले तशी बाईंनी त्यांचा हात धरला. “नको बाबा. हे आता पिण्याचं नाही.”

“तिचं हाय ते,” आबा म्हणाले.

“आजीनं पिऊ दिलं असतं का?” ईश्वरीने विचारले.

मला हातात धरून आबा उठले आणि दाराकडे चालू लागले. सारे मागोमाग. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला मातीचा पट्टा होता. ऊन लागत होते. आबांनी टोपी काढली, खाली वाकले आणि मला हळूहळू तिरके केले. पाण्याची बारीक धार वाटेवर पडली. माती तहानलेली होती. मोटारी जात-येत होत्या. कुणी बघितले, कुणी नाही. ओल वाळेपर्यंत आबा उभे राहिले, आणि पोरेही उभी राहिली.

परत पिशव्या घ्यायला गेल्यावर बाईंनी विचारले की हा तांब्या आम्हाला द्याल का, इथे काचेत नीट राहील, नाव घालून ठेवू. भारतने आबांकडे पाहिले. त्याला वाटले असावे की आबा देतील. मलाही क्षणभर वाटले. काचेत ऊन नाही, खारे पाणी नाही. आबा म्हणाले, “न्हाई बाई. तुमचे उपकार. पण ह्याला अजून काम हाय.”

बीडमध्ये एक म्हातारे कल्हईवाले अजून भट्टी लावतात. भारतने त्यांना शोधून काढले. त्यांनी मला आतून खरवडले, बुडाला नवा डाख दिला आणि कल्हई केली. माझ्या आत काही खड्डे राहिले आहेत. ते जाणार नाहीत, असे त्यांनी आधीच सांगितले होते.

आता ईश्वरी मला सकाळी भरते आणि आबा मला दूध सोसायटीच्या ओट्यावर घेऊन जातात. दूध घालायला आलेली माणसे वरून घोट घेतात. आबा त्यांना वच्छलाबाईंच्या गोष्टी सांगतात. बाँबची गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की लोक शेवट आधीच सांगून टाकतात. तरी ते सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादे जुने भांडे असेल तर ते नुसते बाहेरून घासू नका. झाकण उघडा, आत हात घाला, ऊन दाखवा, जमल्यास वापरा. आम्हाला जपायचे म्हणजे इतकेच करायचे असते. आणि घरातले कुणी मोठे माणूस एखादी वस्तू कवटाळून गप्प बसले असेल, तर त्याला हसू नका आणि ती वस्तू त्याच्या हातातून ओढून घेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि आत काय आहे ते विचारा. आमच्या आबांना वर्षभर सगळ्यांनी सांभाळले, जेवायला वाढले, औषध दिले. पण तेवढे मात्र कुणी विचारले नव्हते.